पन्ह्यापासून स्मूदीपर्यंत : घरातील एका पेल्याचा इतिहास



यंदाच्या स्मरणिकेत ‘घरच्या घरी फळाभाज्यांची स्मूदी’ या विषयावर काही तरी यावे, अशी सूचना आपल्या मंडळातील तरुण सभासदांनी केली आणि ते काम माझ्याकडे सोपविले. नुसती कृती द्यावयाची तर अर्धे पान पुरे झाले असते. परंतु इतिहासाची आवड असल्यामुळे माझ्या मनात प्रश्न आला तो असा : फळ कुस्करून, त्याचा गर न टाकता, पाणी किंवा ताकदही घालून पिणे ही गोष्ट आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या घरांना खरोखरच नवी आहे काय? आणि नवी नसेल, तर मधल्या काळात ती आपल्या हातून सुटली कशी?

या प्रश्नाचा माग काढू लागले तेव्हा लक्षात आले की, घरात काय प्यायले जाते हे एकट्या स्वयंपाकघरात ठरत नाही. ते रानात ठरते, कायद्यात ठरते, बाजारात ठरते, आणि घरातल्या बाईच्या वाट्याला काय येते यावरही ठरते. त्याचीच ही थोडक्यात हकीकत.

प्रथम नावाचा विचार करू. ‘पन्हे’ हा शब्द संस्कृत ‘पानक’ या शब्दावरून आला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानाच्या अध्यायात द्राक्षे, फालसा, बोरे यांच्या पानकांचा विचार केलेला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या भोजनाबरोबर त्याच्या पेयांनाही स्थान मिळाले आहे. ‘सरबत’ हा शब्द पुढे आला. त्याचे मूळ अरबी भाषेतील ‘पिणे’ या अर्थाच्या धातूत आहे. ‘स्मूदी’ हे नाव तर अगदी अलीकडचे. अमेरिकेत विसाव्या शतकात विजेच्या घुसळणयंत्राबरोबर ते वाढले आणि १९७०नंतर तेथे स्मूदीची स्वतंत्र दुकाने निघाली. नाव नवे, पण फळ कुस्करून पिण्याची कल्पना पुरातन आहे.

आता आपल्या जिल्ह्यांकडे वळू. एकेकाळी हा सारा एकच चांदा जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. येथील उन्हाळा कसा असतो ते तुम्हांला सांगावयास नको. पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, नवतपा लागला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. परंतु निसर्गाची योजना अशी की, ज्या महिन्यांत ऊन पोळते त्याच महिन्यांत रान फळांनी भरते. फाल्गुनापासून बेल पिकू लागतो. चैत्रात कैरी येते. चैत्र-वैशाखात टेंभरे आणि चार पिकतात. या चाराच्याच बीला आपण चारोळी म्हणतो. मृगाच्या सुमारास जांभूळ, दिवाळीच्या आसपास सीताफळ, थंडीत आवळा आणि बोर, आणि थंडी सरता सरता कवठ. वर्षाचा एकही ऋतू रिकामा जात नाही. यांखेरीज वैनगंगा-वर्धेच्या पात्रात पाणी ओसरले की वाळूत टरबुजांचे आणि डांगरांचे वेल पसरत, ते वेगळेच.

या फळांचे ज्ञान बहुतांशी बायांचे होते. कोणते झाड कोणत्या आठवड्यात पिकते, कोणत्या झाडाचा बेल गोड आणि कोणत्या झाडाचा तुरट, कोणते फळ बाळंतिणीला द्यावे, हे त्यांना तोंडपाठ असे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या बायांकडून झाडांविषयीची अशी माहिती ऐकून ‘गोईण’ नावाचे पुस्तक लिहिले आहे. गोईण म्हणजे मैत्रीण. झाडाला मैत्रीण मानणाऱ्या बायांचे हे ज्ञान कोठल्याही शाळेत शिकविले जात नव्हते, ते सासू-सुनांच्या आणि शेजारणींच्या बोलण्यातून पुढे जात होते.

मला माझ्या आजीचे बेलाचे पन्हे आठवते. ती बेल दगडावर आपटून फोडी, गर मातीच्या गाडग्यात भिजत घाली आणि तासाभराने हाताने कोळी. बिया आणि त्यांभोवतीचा चिकट भाग अलगद काढून टाकी, कारण तो चिरडला तर पन्हे कडवट होते. गर मात्र टाकू देत नसे. ‘चोथा गेला म्हणजे जीव गेला,’ असे ती म्हणे. तंतू, जीवनसत्त्वे हे शब्द तिच्या कानांवर कधी आले नव्हते. पण तिच्या त्या पेल्याला आज कोणी स्मूदी म्हटले तर ते चुकीचे होणार नाही.

मग हे सुटले कसे? पहिले कारण रानाचे आहे. इंग्रजांनी १८७८ साली वनांचा कायदा केला आणि पुढे १९२७ साली तो नव्याने मांडला. या कायद्यातील ‘वनोपज’ या शब्दाची व्याख्या आपण बायकांनी एकदा तरी वाचावी अशी आहे. लाकूड, डिंक, लाख यांच्याबरोबर मोहाची फुले, हिरडा, आणि जंगलातील झाडांची पाने, फुले व फळे हीही तीत आली. राखीव जंगलातून वनोपज परवानगीवाचून काढणे हा गुन्हा ठरला. म्हणजे जी बाई कालपर्यंत टोपली घेऊन मैत्रिणीकडे जावे तशी झाडाकडे जात होती, ती कागदोपत्री एका दिवसात चोर झाली. प्रत्यक्षात फळे वेचणे थांबले नाही. पण ते भीत भीत, वनरक्षकाची नजर चुकवून किंवा त्याची मर्जी सांभाळून करावे लागले. स्वातंत्र्यानंतर १९५०च्या कायद्याने जुन्या मध्य प्रदेशातील, म्हणजेच त्या वेळी आपल्याही भागातील, जमीनदाऱ्या गेल्या आणि त्यांची जंगलेही सरकारकडे आली. मालक बदलला, वेचणारीचे स्थान तेच राहिले.

ही गोष्ट बदलावयास २००६ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या वनहक्क कायद्याने वनवासी आदिवासींचा आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्या इतर रहिवाशांचा गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. विवाहितांना मिळणारा जमिनीचा वनहक्क पती व पत्नी या दोघांच्या नावे असावा, असेही त्यात लिहिले. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी एक ठरले. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा हक्क त्या गावाला मिळाला. २०११ साली तेथील ग्रामसभेने आपला बांबू स्वतः विकावयास सुरुवात केली, त्याची वार्ता सर्वत्र झाली. बांबूची बातमी होते, बेलाची आणि चाराची होत नाही. पण त्याच हक्काच्या कागदात बेल, चार आणि आवळाही येतो, हे आपण ध्यानात ठेवावे.

हक्क मिळाला तरी रान निर्धोक झाले असे नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू पावल्या. बाजारात चारोळीच्या भावाबद्दल घासाघीस करताना ती कोणी, कोठून आणि काय जिवावर घेऊन वेचून आणली आहे, याचा विचार आपल्या मनात यावयास हवा.

दुसरे कारण श्रमाचे. पाटा-वरवंट्यावर वाटणे, हाताने कोळणे, कपड्यातून गाळणे ही कामे वेळखाऊ. घरात दहा माणसे असली म्हणजे दहा पेले करता करता बाईचा खांदा भरून येई, आणि अकरावा पेला, म्हणजे तिचा स्वतःचा, बहुधा राहूनच जाई. या श्रमावर यंत्राने उतारा काढला. अमेरिकेत स्टीफन पोप्लावस्की याने १९२२ साली पेल्याच्या बुडाशी फिरते पाते बसविण्याची युक्ती केली, तीही दुधाचे पेय घुसळण्यासाठी. १९३७ साली फ्रेड वॉरिंग या वाद्यवृंदाच्या चालकाने असेच एक सुधारलेले यंत्र बाजारात आणले. परंतु ही परदेशी यंत्रे मऊ फळांसाठी होती. आपली हळद, खोबरे आणि भिजविलेली डाळ त्यांना झेपत नसे. मुंबईचे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी परदेशी यंत्र असेच बिघडले. तेव्हा पत्नी माधुरी यांच्या गरजेपायी त्यांनी भारतीय वाटणाला टिकेल असे यंत्र तयार केले, आणि १९६३ साली ‘सुमीत’ मिक्सर बाजारात आला. भारतीय स्त्रीच्या इतिहासात या यंत्राला एक पान अवश्य द्यावयास हवे.

मिक्सरला वीज लागते. आपल्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातून १९८०च्या दशकापासून वीज निघू लागली आणि ती दूरदूरच्या शहरांतील स्वयंपाकघरांपर्यंत पोचली. आपल्याच जिल्ह्यांतील आतल्या पाड्यांना मात्र ती पुष्कळ उशिरा मिळाली. कोळसा आमचा, धूर आमचा, आणि मिक्सर आधी दुसऱ्याचा, असा हा व्यवहार झाला. असो.

तिसरे कारण साखरेचे. जुन्या पन्ह्यात गूळ पडे, तोही बेताचा. कारण गूळ विकत घ्यावा लागे आणि फळाची स्वतःची गोडी होतीच. साखर स्वस्त व मुबलक झाली तसे सरबत म्हणजे रंगीत साखरपाणी, अशी समजूत झाली. पुढे बाटलीतली पेये आली आणि पाहुण्याला घरचे पन्हे देणे कमीपणाचे वाटू लागले. आज वैद्यकाने चक्र उलटे फिरविले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसांतील साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण सहा चमच्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. गाळलेला रसही या हिशोबात साखरेच्याच बाजूला धरला आहे, ही गोष्ट विशेष. चोथा टाकू नये, हे आजीचे म्हणणे निराळ्या वाटेने खरे ठरले.

आता या पेल्यात औषध कोणते, तेही पाहू. १७४७ साली जेम्स लिंड या आरमारी वैद्याने जहाजावरील बारा आजारी खलाशांना दोन-दोनच्या जोड्यांत निरनिराळे उपचार दिले. हिरड्या सुजून रक्त येणारा स्कर्व्ही हा त्यांचा रोग. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. त्यामागचे द्रव्य कोणते, हे कळावयास जवळजवळ दोनशे वर्षे लागली. हंगेरीतील सेंट-ग्योर्गी या शास्त्रज्ञाने तिकडच्या मिरचीतून ते विपुल प्रमाणात काढले आणि त्याला १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेच ‘क’ जीवनसत्त्व. संत्र्यात ते जितके असते त्याच्या कित्येक पटींनी आपल्या रानातल्या आवळ्यात असते.

याचा आपल्याशी संबंध काय? तर भाजीपाला, डाळी आणि धान्य यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्याच वेळी ‘क’ जीवनसत्त्व पोटात गेले तर ते अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर उलट घडते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगी रक्त कमी होते. म्हणजे आपल्या मंडळाच्या सभेत दहा जणी बसल्या तर त्यांतल्या पाचांचे रक्त कमी असावयाचे. ज्या बाईला रानातला आवळा ओळखता येतो तिच्याच अंगात रक्त नसावे, ही या इतिहासातील सर्वांत खेदाची गोष्ट होय. मात्र एक सांगते : रक्त फार कमी असल्यास किंवा आपल्या भागात आढळणारा सिकलसेलचा विकार असल्यास पेल्यावर विसंबू नये, आरोग्य केंद्रात जाऊन तपासावे व डॉक्टर सांगतील त्या गोळ्या घ्याव्यात. पेला हा अन्नाचा सोबती आहे, गोळीचा पर्याय नव्हे.

घरात काय प्यावे याचा निर्णय बायकांनी घेतल्याचे आपल्याकडील मोठे उदाहरण मात्र निराळ्याच पेयाचे आहे. गडचिरोली जिल्ह्यात गावोगावच्या लोकांनी, त्यांत विशेषेकरून बायांनी, उठविलेल्या चळवळीमुळे १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या स्त्रिया त्याच मागणीसाठी २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. तेथे २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. या बंदीविषयी मते वेगवेगळी असोत. पण घरातला पेला हा घरापुरता विषय नाही, हे या बायांनी पुरते ओळखले होते. नको ते पेय दाराबाहेर ठेवणे जितके महत्त्वाचे, तितकेच हवे ते पेय घरात आणणेही महत्त्वाचे.

म्हणून आता कृती देते. प्रत्येक कृती दोन पेल्यांची आहे.

उन्हाळ्यासाठी : दोन वाट्या टरबुजाच्या बिनबियांच्या फोडी, एक वाटी सालासकट काकडी, आठ-दहा पुदिन्याची पाने, अर्ध्या लिंबाचा रस व चिमूटभर मीठ. काकडीचे टोक आधी चाखून पाहावे. सर्व मिक्सरमधून फिरवावे, गाळू नये. बर्फाऐवजी फोडी व काकडी तासभर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवावी.

बेलासाठी : एका मध्यम पिकलेल्या बेलाचा गर दोन पेले पाण्यात तासभर भिजवावा व हातानेच कोळावा. बिया काढल्यावाचून मिक्सर लावू नये. बिया काढल्यावर अर्धी वाटी ताक व जिरेपूड घालून एकदा फिरविले म्हणजे छान मऊ होते. गूळ लागलाच तर एक लहान चमचा.

हिवाळ्यासाठी : दोन आवळे, एक गाजर, अर्धे लहान बीट, एक पिकलेला पेरू, मूठभर कोथिंबीर, आल्याचा तुकडा आणि सव्वा वाटी पाणी. आवळ्याच्या व पेरूच्या बिया काढाव्यात. हे जेवणाबरोबर घ्यावे आणि चहा तासभर लांब ठेवावा.

न्याहारीसाठी : एक वाटी पिकलेली पपई, अर्धे केळे, धुतलेला मूठभर पालक आणि अर्धी वाटी दही. मुले पालकाचा रंग पाहून नाक मुरडतात. आधी चाखावयास द्यावे, नाव मागून सांगावे.

काही सावधगिऱ्या. पाणी स्वच्छ किंवा उकळून गार केलेले असावे. पेय करून ठेवू नये. वेळ जातो तसे ‘क’ जीवनसत्त्व कमी होते. मधुमेह असणाऱ्यांनी अर्धाच पेला घ्यावा, किंवा फळ चावूनच खावे. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी कच्चा पालक व बीट टाळावे. दुधी भोपळ्याचा रस काढावयाचा असल्यास तुकडा आधी चाखावा. कडू लागला तर तो भोपळा टाकूनच द्यावा, कारण कडू दुधीच्या रसाने विषबाधा होऊन माणसे दगावली आहेत.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली : येत्या पावसाळ्यात प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या परसात, शेताच्या बांधावर किंवा शाळेच्या आवारात एक बेल अथवा एक आवळा लावावा, आणि तो पहिली तीन वर्षे आपल्या हाताने जगवावा. ज्यांच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे त्यांनी ग्रामसभेत फळझाडांचा विषय स्वतः उठून मांडावा. दुसरी सूचना दिसावयास लहान, पण आचरणास कठीण आहे. उद्या घरात असा पेला तयार कराल तेव्हा सर्वांना वाटून झाल्यावर भांड्याला चिकटलेले आपल्या वाट्याला ठेवू नका. मिक्सरचे झाकण उघडताच स्वतःचा पेला आधी भरून बाजूला ठेवा, मग बाकीच्यांना हाक मारा. आपल्या आज्यांना जे जमले नाही, ते आपल्या सुनांना सवयीचे व्हावे, एवढेच या लेखाचे मागणे आहे.